मंगळवारची जीप

।। श्री ।।

टाउनशिप, भोपाळ
१९ ऑगस्ट १९८०

ती. सौ. अक्कास,
दिगंबरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, लिंबाचं लोणचंही पोचलं. बरणीचं झाकण वाटेत सैल झालं होतं, त्यामुळे वास आधी शेजारच्या त्रिपाठींकडे गेला आणि बरणी नंतर आमच्याकडे आली. कल्पना मजेत आहे. माझी पाठ तशीच आहे.

मुख्य बातमी शाळेची. आमचे सक्सेनासाहेब डिसेंबरअखेर निवृत्त होतात आणि विज्ञान विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होते. अठरा वर्षं मी त्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसलो आहे, तेव्हा पुढे काय होणार हे वेगळं सांगायला नको, असं मला जुलैपर्यंत वाटत होतं. जुलैत कु. विमल डबीर नावाची बाई नागपूरहून आली. वय अठ्ठावीस, नोकरी वर्षभराच्या प्रोबेशनवर, आणि हसणं असं की आमच्या दोन वर्गांमधली प्लायवुडची भिंत थरथरते. एकटी हसली असती तरी चाललं असतं. तिच्याबरोबर नववीची बेचाळीस पोरं हसतात. माझ्या वर्गात अठरा वर्षांत कुणी हसलेलं नाही.

मी वैज्ञानिक पद्धतीच्या सहा पायऱ्या लिहवून घेतो. निरीक्षण, प्रश्न, परिकल्पना, प्रयोग, नोंद, निष्कर्ष. लाल शाईनं अधोरेखित. पोरांना झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणतात. या बाईनं पहिल्या दिवशी काय केलं, तर ओली छत्री टेबलावर ठेवली आणि काय दिसतं ते विचारलं. पोरं म्हणाली, बाहेर पाऊस पडतोय. बाईनं खिडकी उघडली, तर लख्ख ऊन. छत्री तिनं नळाखाली धरून आणली होती. मग फळ्याच्या मधोमध रेघ ओढली, डावीकडे लिहिलं ‘दिखा’, उजवीकडे ‘लगा’, आणि सांगितलं की छत्री ओली आहे हे डावीकडे, पाऊस पडतोय हे उजवीकडे, आणि उजवीकडचं खरं की खोटं हे ठरवायचं तर जागेवरून उठून खिडकीपाशी जावं लागतं. पोरं खूश. नळाखाली छत्री धरायला बी. एस्सी. कशाला लागते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

परवा तिची चार पोरं टॉर्च घेऊन माझ्या दारात आली. डास मोजतात म्हणे. माझ्या कूलरच्या टाकीत वाकून बघितलं, पळीनं पाणी काढलं आणि वहीत लिहिलं: क्वार्टर ११४, अळ्या सतरा. कल्पनानं त्यांना बेसनाचे लाडू दिले. माझ्या घरात येऊन माझ्याच अळ्या मोजायच्या आणि वर लाडू.

आता खरी गोष्ट. तिच्या बी टाइप क्वार्टरसमोर दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी जीप उभी राहते. आमच्या कारखान्याच्या वसाहतीत माणूस दारातल्या वाहनावरून ओळखतात. सायकल म्हणजे कामगार, स्कूटर म्हणजे आम्ही, आणि जीप म्हणजे ज्याच्या सहीनं काम होतं तो. प्रोबेशनवरच्या मास्तरणीच्या दारात जीप का येते, हे कळायला सहा पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे. खुर्ची मिळाली तर थोडा वाढव.

तुझा
दिगंबर

*

।। श्री ।।

उज्जैन
२७ ऑगस्ट १९८०

चि. दिगंबर यास
लीलाअक्काचे अ. उ. आ.

चार पानी पत्र मिळालं. त्यात बायकोला अर्धी ओळ, पाठीला अर्धी ओळ आणि बाकी सगळं डबीरबाईंना. ह्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले दिगंबर या वयात प्रेमात पडलेला दिसतो. मी म्हटलं छे, प्रेमात पडलेला माणूस इतकं बारकाईनं बघत नाही.

मला मात्र त्या बाईंची रेघ आवडली. जुन्या कॅलेंडरच्या मागे मीही एक ओढली आणि तुझं पत्र दोन्हीकडे वाटून लावलं. डावीकडे एवढंच बसलं: बाई हसते. मुलं हसतात. आठवड्यातून दोनदा जीप येते. दिगंबरच्या कूलरमध्ये अळ्या आहेत. उरलेलं सगळं पत्र उजवीकडे गेलं आणि कॅलेंडर पुरेना.

म्हणून विचारते. जीपवर काय लिहिलंय? आतून कोण उतरतं? उतरलेला माणूस बाईंकडेच जातो की शेजारी? तू यांतलं एकही लिहिलेलं नाहीस, यावरून मी असं धरते की तू बघितलेलं नाहीस. माझं हे धरणं चुकीचं असेल तर कळव.

हसू नकोस, मीही यातून गेले आहे. आमच्या शेजारच्या सुमित्राबाई रोज दुपारी चारला माझ्या तोंडावर खिडकी लावून घ्यायच्या. माझी खात्री की मी त्यांच्या सुनेला नावं ठेवली ते त्यांच्या कानावर गेलं. दोन महिने मीही बोलले नाही. शेवटी कळलं की चारला ऊन थेट त्यांच्या शिवणयंत्रावर येतं आणि गिऱ्हाइकांच्या रेशमी कापडाचा रंग उडतो. सुनेला मी नावं ठेवली होती हे खरंच, पण ते त्यांना माझ्याच तोंडून, माफी मागताना कळलं.

कूलरमधलं पाणी काढून टाक. कल्पनाला आशीर्वाद. तुझ्यावर माया आहे, तिला आजवर कारण लागलेलं नाही.

अक्का

*

।। श्री ।।

टाउनशिप, भोपाळ
९ सप्टेंबर १९८०

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाटलं की तू भाकऱ्या थापण्याऐवजी वकिली करायला हवी होतीस. जीपवर काय लिहिलंय ते वाचायला मी रस्ता ओलांडून गेलो नाही. या वयाच्या माणसानं परक्या बाईच्या दारातल्या जीपभोवती फिरणं बरं दिसत नाही. माझ्या व्हरांड्यातून मेंदीच्या कुंपणावरून तिची एक बाजू दिसते. करडी आणि कोरी. मोठे साहेब आपली नावं जीपवर रंगवून घेत नाहीत, एवढं तरी मान्य करशील.

शिवाय नवा पुरावा आहे. गेल्या शुक्रवारी त्या जीपमधून गोणपाटात गुंडाळलेली एक लांब वस्तू उतरली, पाच फूट तरी असेल. पत्र्याचा खडखडाट झाला. आणि काल आमचे प्राचार्य तिच्या वर्गाच्या दारात दहा मिनिटं उभे राहून हसत होते. माझ्याशी बोलताना ते घड्याळ बघतात.

तुला इथली रीत सांगायला हवी, म्हणजे गोणपाटाचा अर्थ लागेल. नोव्हेंबरात संभागाची, म्हणजे आसपासच्या सगळ्या जिल्ह्यांची, विज्ञान प्रदर्शनी असते. टाउनशिपमध्ये मॉडेल मुलं बनवत नाहीत. आराखडा मी काढतो, मग ज्या मुलाचे वडील कारखान्यात असतील त्यांच्या शॉपमध्ये ते लेथवर चढतं, वेल्डिंग होतं, मोठ्या यंत्रांना लागतो तोच करडा-हिरवा रंग त्याला लागतो. शेवटच्या दिवशी मुलं हिरवा भुसा चिकटवून गवत करतात आणि ‘यह हमारा मॉडल है’ इथपासून माहिती पाठ करतात. यात लपवाछपवी नाही. सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कुणी बोलत नाही. माझ्या पाणचक्कीनं अकरा वर्षांत नऊ वेळा ढाल आणली आहे. पाणी सोडलं की चक्की फिरते, चक्की फिरली की खेड्यात दिवे लागतात. परीक्षक दरवर्षी टाळ्या वाजवतात, जसं काही खेड्यात खरोखरच दिवे लागले.

तेव्हा गोणपाटात काय असणार? मॉडेल. माझ्यापेक्षा मोठ्या शॉपमध्ये, माझ्यापेक्षा मोठ्या ओळखीवर केलेलं. डास मोजणं हा नुसता देखावा.

मी हातावर हात ठेवून बसलो नाही. परवा प्राचार्यांना पत्र टाकलं आणि एक प्रत कारखान्याच्या चौकशी विभागाला. कु. डबीर या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये, कारखान्याच्या साहित्यातून विज्ञानाचं मॉडेल बनवून घेत आहेत, एवढाच मजकूर. खाली ‘एक शुभचिंतक’. डाव्या हातानं लिहिलं आणि टी. टी. नगरच्या पेटीत टाकलं. कल्पनाला वाटतं मी शर्टाचं कापड बघायला गेलो होतो. तेही आणलं.

शनिवारी गणपती बसतील. तुझ्या हातच्या मोदकांची आठवण आणि तुझ्या प्रश्नांची भीती, दोन्ही आहेत. दोन्हींवर लोभ ठेवून आहे.

तुझा
दिगंबर

*

।। श्री ।।

उज्जैन
१५ सप्टेंबर १९८०

चि. दिगंबर यास अ. आ.

गौरीच्या गडबडीत लिहिते आहे, म्हणून थोडक्यात. मोदक बरे झाले.

तू तुझ्या पत्रात सगळं लिहिलंस, एक सोडून. यंदाची तुझी पाणचक्की कुठे तयार होते आहे?

अक्का

*

।। श्री ।।

टाउनशिप, भोपाळ
२ ऑक्टोबर १९८०

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्या एका ओळीला उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले. दरम्यान उत्तर दुसऱ्यांनीच शोधून काढलं.

चौकशी विभागाची माणसं वर्कशॉपमध्ये आली. तिसऱ्या शॉपमध्ये रमेश मिस्त्रीच्या बाकावर ताडपत्री होती, तिच्याखाली पाणचक्की. माझी, यंदाची, पाती बसवून तयार. तिला चिठ्ठी बांधलेली होती: ‘स्कूल, साइंस मॉडल, अर्जंट’. नाव नाही. अकरा वर्षांत नाव लिहायची गरज पडली नव्हती. त्यांच्या एका हातात शुभचिंतकाचं पत्र, दुसऱ्या हातात चक्की. पत्रात नाव डबीरबाईंचं. म्हणून चक्कीही डबीरबाईंची झाली.

तिला नोटीस मिळाली आहे. सोमवारी तेरा तारखेला समिती बसेल आणि प्रोबेशन तिथेच संपवेल. प्राचार्यांनी दार लोटून घेऊन मला सांगितलं की आता विभागप्रमुखाचा प्रश्नच उरला नाही. बोलताना त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

रमेश मिस्त्रीनं आराखडा भट्टीत टाकला. सायकलस्टँडवर मला गाठून म्हणाला की मास्टरजी, तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, माझं तुमच्या तोंडून निघू देऊ नका. मी काही बोललो नाही. त्यानं त्याचा अर्थ हो असा घेतला.

जीपचं सांगायचं राहिलं. ती मलेरिया विभागाची आहे. जी बाजू मला दिसत नव्हती, तिच्यावर फूटभर उंचीच्या अक्षरांत तसं लिहिलंय. अळ्यांच्या बाटल्या न्यायला येते. गोणपाटात बांबू होता, टोकाला पत्र्याचा डबा ठोकलेला, खोल टाक्यांतून पाणी काढायला. हे सगळं मला कल्पनानं सांगितलं. मी व्हरांड्यात बसून जीपवर नजर ठेवत होतो, तेव्हा ती मागच्या दारानं त्याच घरी पोरांना लाडू द्यायला जात होती. मी विचारलं नाही म्हणून तिनं सांगितलं नाही, असं तिचं म्हणणं. अठरा वर्षांत माझ्या वर्गासाठी तिनं लाडू केलेले मला आठवत नाहीत.

पोरांनी दोनशे सहा क्वार्टर पाहिले. टाउनशिपमध्ये जो तो म्हणतो की डास नाल्यापलीकडच्या वस्तीतून येतात. नाला वाहता आहे, त्यात पोरांना फारसं काही मिळालं नाही. सगळ्यांत जास्त अळ्या बंगल्यांमधल्या कमळाच्या हौदांत आणि आमच्यासारख्यांच्या कूलरमध्ये. एकट्या प्राचार्यांच्या कूलरमध्ये एकशे चाळीस. ते त्या दिवशी दारात उभे राहून हसत होते, ते याच आकड्यावर.

आणि अक्का, तिनं नोटिशीला उत्तर काय दिलं ते ऐक. क्लार्कनं मला दाखवलं. ‘हे मॉडेल माझं नाही. ते कुणाचं आहे हे मी पाहिलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.’ बस्स. तिच्या वर्गाच्या कपाटावर माझ्या मागच्या तीन पाणचक्क्या ठेवलेल्या आहेत, तोच रंग, तीच पाती. बोट दाखवायचा अवकाश होता. तिनं दाखवलं नाही. मला तिच्या हसण्याचा हेवा वाटत होता, जीपचा वाटला, लाडवांचाही वाटला. पण या दोन ओळींचा जेवढा वाटला तेवढा कशाचा वाटला नाही.

मी काय करावं ते विचारत नाही. मी बोललो तर रमेश अडकतो, शाळेची अब्रू जाते, आणि ती अठ्ठावीस वर्षांची आहे, तिला दुसरी नोकरी मिळेल. मी तिच्याविरुद्ध चौकशीत एक शब्दही बोललेलो नाही. तू फक्त एवढं लिही की गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

दिगंबर

*

।। श्री ।।

उज्जैन
६ ऑक्टोबर १९८०
(एक्स्प्रेस)

चि. दिगंबर यास,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर तुला हवे राहिले तर.

गप्प बसणं म्हणजे काय, हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मला एकोणतीस वर्षांची सवय आहे.

मी मॅट्रिक झाले तेव्हा गणितात पंच्याऐंशी होते. बाबांनी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात. पाच वर्षांनी तुला एकसष्ट मिळाले आणि तुझा बिस्तरा इंदूरच्या कॉलेजसाठी बांधला. तोही मीच बांधला. सुट्टीत घरी आलास की तुझी पुस्तकं रात्री वाचायचे आणि सकाळी तुला अडलेलं गणित समजावताना असं दाखवायचे की सहज सुचलं.

तू इंटर झालास. जूनमध्ये इंजिनिअरिंगच्या मुलाखतीचं पत्र आलं. पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं. फाडायचं मनात नव्हतं. वाटलं, एक दिवस तरी आपण दोघांनी सारखं असावं. एकाचे दोन झाले. नवव्या दिवशी, मुलाखत होऊन गेल्यावर, आजच आलं म्हणून तुला दिलं.

तू पोस्टाच्या नावानं ओरडत सुटलास ते आजतागायत. बाबांनी तक्रारही केली. पाकिटावर उज्जैनचा शिक्का होता, तारीख स्वच्छ वाचता येत होती. मला वाटलं होतं तू बघशील. तू पत्र वाचलंस, पाकीट बघितलंच नाहीस.

मग तू मास्तर झालास. आणि दरवर्षी लेथवर चक्की चढवून मला पत्रातून कळवतोस की पाती किती अंशांत बसवली. मी ते अंश तपासून बघते, बरोबर असतात.

तुझ्या लग्नात सांगणार होते. बाबा गेले तेव्हा सांगणार होते. दर वेळी ते आधीच्यापेक्षा जड झालं. तुझी गोष्ट अजून महिन्याभराची आहे, उचलता येईल. तेराच्या आधी जा आणि एवढंच सांग की पत्र माझं, आराखडा माझा, चक्की माझी. रमेशचं नाव घ्यायची गरज नाही. विचारलं तर सांग की हे माझ्याबद्दल आहे.

तिला दुसरी नोकरी मिळेल असं तू लिहिलंस. मीही मनाशी म्हटलं होतं की दिगंबरला पुढच्या वर्षी दुसरी मुलाखत मिळेल.

आशीर्वाद आहेत. लोभ मागत नाही, तुला ठेवावासा वाटला तर ठेव.

अक्का

*

।। श्री ।।

टाउनशिप, भोपाळ
२२ ऑक्टोबर १९८०

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र गुरुवारी मिळालं. शुक्रवारी शाळेत गेलो नाही. शनिवारी प्राचार्यांना उजव्या हातानं तीन ओळी लिहून दिल्या, खाली पूर्ण नाव. ते म्हणाले की मुळेसर, हे फाडून टाका, मी वाचलं नाही असं समजतो. मी म्हटलं की दुसरी प्रत चौकशी विभागात देऊन आलोय. मग त्यांनी घड्याळ बघितलं.

सोमवारी समितीपुढे उभा राहिलो. शॉपमध्ये काम कुणी केलं असं तिघांनीही विचारलं. मी म्हटलं की चूक माझी आहे, त्या चुकीबद्दल विचारा. रमेशचं नाव कागदावर आलं नाही. तरी तो आता मला नमस्कार करत नाही, आणि मलाही तो अपेक्षित नाही.

डबीरबाईंची नोटीस मागे घेतली. अळ्यांचा तक्ता प्रदर्शनीला जाईल, मुलांच्याच हातचा, शाईच्या डागांसकट. पाणचक्की जाणार नाही. मला लेखी ताकीद मिळाली आहे. विभागप्रमुखाची खुर्ची रसायनच्या शर्मांना जाणार असं कळतं. त्यांनी अठरा वर्षांत काहीच केलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध काही सापडलं नाही.

बाई मला भेटायला आली. मी माफीची दोन वाक्यं तयार ठेवली होती, ती म्हणूनही टाकली. तिनं ऐकून घेतली. मग म्हणाली की मुलांना पाणचक्कीची पाती तिरकी का असतात ते कळत नाही, तिलाही नीट सांगता येत नाही, तर मी एकदा वर्गात येऊन सांगीन का. मला तिचा राग हवा होता, निदान थोडा. तोही तिनं दिला नाही. शुक्रवारी जाणार आहे. हेवा गेला असं समजू नकोस. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला की माझा खडू अजूनही मोडतो.

आता तुझं पत्र. बाबांच्या कागदांची ट्रंक माझ्याकडे आहे. काल उघडली. मुलाखतीचं पत्र पाकिटासकट आहे, बाबांच्या तक्रारीला टाचलेलं. उज्जैन, १२ जून १९५१. चष्म्याशिवाय वाचता येतं.

राग आहे. किती आहे ते अजून कळलेलं नाही. पत्र कल्पनाला दाखवलं.  वाचून तिनं विचारलं की अक्कांना गणितात खरंच पंच्याऐंशी होते का. मला पेढे आठवतात, ते कशाचे होते ते आठवत नाही. एवढ्या वर्षांत मी तुला कधी विचारलंच नव्हतं.

भाऊबीजेला नऊ तारखेला येतो. ताट तयार ठेव, बोलायला जमेल की नाही ते सांगत नाही. तुझी मॅट्रिकची गुणपत्रिका असेलच कुठेतरी. शोधून ठेव. मला ती बघायची आहे.

भाऊजींना यातलं काही सांगितलं नसशील, तर मी सांगणार नाही.

तुझा
दिगंबर